साडेसात इंचाची पायरी

आमच्या जिन्याची शेवटची पायरी दीड इंचानं उंच आहे. मधल्या सगळ्या सहा इंचांच्या, ही साडेसात. घरातल्या माणसांचा पाय तिथं आपसूक जास्त उचलला जातो, पाहुणे मात्र हमखास ठेचकाळतात. माझ्या सासूबाई नव्या माणसाला पाण्याचा तांब्या देतानाच सांगायच्या, "वर जाताना शेवटच्या पायरीला जपून हं." घर 1994 सालचं. नकाशा माझ्या थोरल्या भावाचा. सांगलीत त्याचं ऑफिस आहे, तिशी उलटून गेली त्या ऑफिसला, पण आमच्या पायरीचा विषय निघाला की तो अजूनही हात धुवायला उठतो.

गेल्या भाऊबीजेला तो आला होता. माझी लेकही मुंबईहून आलेली. तीही आर्किटेक्ट, दोन वर्षं एका मोठ्या ऑफिसात आहे. मी कोल्हापुरात कॉलेजात शिकवते आणि प्रॅक्टिकल ट्रेनिंगला गेलेल्या मुलांच्या डायऱ्या तपासायचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. एका घरात तीन आर्किटेक्ट आणि मध्ये फराळाचं एक ताट. भांडायला आणखी काय लागतं?

निमित्त झालं माझ्या एका विद्यार्थिनीच्या फोनचं. तिला ट्रेनिंगसाठी दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक मुंबईतलं नावाजलेलं ऑफिस, दीडशेच्या आसपास माणसं, महिना दहा हजार. दुसरं साताऱ्याचं. नवरा-बायको दोघंच, जोडीला एक ड्राफ्ट्समन, महिना चार हजार, पण एका शाळेचं काम जोत्यापर्यंत आलेलं. सोमवारी कळवायचं होतं. "मॅडम, कुठं जाऊ?" मी बघून सांगते म्हणाले, फोन ठेवला आणि तिचा प्रश्न ताटाभोवती मांडून बसले. तिथंच चुकलं.

"सातारा," दादा म्हणाला. चकली मोडायच्या आत.

"मुंबई," लेक म्हणाली.

"अगं, जोत्यावर आलेलं काम आहे. पोरगी सत्रभर थांबली तर स्लॅब बघेल. जन्मात एकदा तरी माणसानं आपल्या डोळ्यांसमोर स्लॅब पडताना बघावा."

"मामा, बघून काय होतं? लग्नात स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं म्हणून आचारी होतं का कुणी?"

"उभं राहायला कोण सांगतंय? पाट्या मोजायला सांगतोय मी. सळईचं अंतर टेप लावून मोजायचं, कव्हरचे ठोकळे आहेत का बघायचं, रात्री आठला पाऊस आला तर ताडपत्री धरायची."

"आणि दिवसभर साइटवर थांबायचं तर मुलीनं जायचं कुठं?"

दादा गप्प झाला. मला हे आवडलं. या पेशातले जुने लोक साइटचे पोवाडे गातात तेव्हा त्यात ही एक ओळ कधी नसते. माझ्या डायऱ्यांमध्ये मात्र ती असते, आडून लिहिलेली. 'साइटवर अर्धा दिवस गेले' असं लिहिणाऱ्या मुली पुष्कळ. अर्धाच का, ते आता मी विचारत नाही. सकाळपासून पाणी न पिता उन्हात उभं राहण्याची मुदत साधारण तेवढीच असते.

"माझ्या साइटवर पत्र्याची का होईना, सोय असते," दादा जरा वेळानं म्हणाला. "आता असते. आधी नव्हती. कुणी बोललंच नाही."

"कोण बोलणार? बोलायला बाई यायला हवी ना साइटवर."

"मग? मीही तेच म्हणतोय. जाऊ दे की तिला साताऱ्याला."

लेक हसली. एक मुद्दा मामाच्या खात्यात जमा झाला, पण ती मागे हटणाऱ्यातली नाही. तिनं मोबाइलही न काढता आकडे सांगायला सुरुवात केली. अमेरिकेत लायसन्स मिळवायचं तर पदवीखेरीज 3,740 तासांचा अनुभव नोंदवावा लागतो. ब्रिटनमध्येही तसा अनुभव लागतो. आपल्याकडं पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ट्रेनिंगचं एक सत्र, आणि पदवी हातात आली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. 1972 च्या कायद्यानं त्या दिवसापासून तुम्ही आर्किटेक्ट. दुसऱ्या दिवशी कुणाच्या घराचा नकाशा काढलात तरी कोण अडवणार नाही.

"तेच तर," दादा म्हणाला. "सगळी भिस्त त्या एका सत्रावर. ते एसीत घालवायचं?"

"ऐका तर खरं. त्या 3,740 तासांची सहा खात्यांत वाटणी आहे. सगळ्यात मोठं खातं कसलं माहितीय? वर्किंग ड्रॉइंग आणि कागदपत्रं, 1,520 तास. आणि प्रत्यक्ष बांधकामाचं खातं 360. दहावा हिस्सासुद्धा नाही."

"त्यांच्याकडं ड्रॉइंग वाचणारा ठेकेदार आहे, बाई. आपल्याकडं ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवलेला असतो. कप उचलला की कळतं, खाली टॉयलेटचं डिटेल होतं."

"म्हणून चांगलं ड्रॉइंग शिकायचंच नाही?"

"शिकायचं की. पण ते चांगलं आहे का वाईट, हे कोण सांगणार? ऑफिसातला प्रिंटर?"

इथं दादा स्वतःच्याच सापळ्यात सापडला. कारण लेकीनं हातातली शंकरपाळी जिन्याच्या दिशेनं नाचवली आणि विचारलं, "मामा, ही पायरी का चुकली?"

मला वाटलं आता हा उठणार. तो उठला नाही. खिशातली पेन्सिल काढून त्यानं वर्तमानपत्राच्या समासात जिन्याचा छेद काढला. त्याच्या पिढीचे आर्किटेक्ट पाहुणे म्हणून आले तरी पेन्सिल बरोबर आणतात.

दोन मजल्यांतलं अंतर दहा फूट, म्हणजे 120 इंच. वीस चढ, सहा-सहा इंचांचे. कागदावर भागाकार चोख. दादानं सेंट्रिंगवाल्याला तसंच सांगितलं, त्यानंही काँक्रीटच्या पायऱ्या तशाच बांधल्या, एकेक सहा इंचांची, सुताला सूत. मग फरशी आली. खालच्या आणि वरच्या खोलीत माल धरून तीन इंच जाडी झाली, कारण खोलीभर उतार-चढ सांभाळत मोझॅक टाइल बसवायची होती. पायऱ्यांवर कडप्पा. खाली पातळ माल, सगळं मिळून दीड इंच. झालं. खालची फरशी तीन इंच वर आली आणि पहिली पायरी दीडच इंच वाढली, म्हणून पहिला चढ राहिला साडेचार इंचांचा. वर उलटा हिशेब. शेवटच्या पायरीवर दीड इंच चढला, पण खोलीची फरशी तीन इंच चढली, म्हणून शेवटचा चढ साडेसातचा. मधल्या अठरा पायऱ्या बिचाऱ्या सहाच्या सहाच.

"करायचं काय होतं," दादा पेन्सिल आपटत म्हणाला, "तर काँक्रीटचाच पहिला चढ साडेसात ठेवायचा आणि शेवटचा साडेचार. म्हणजे फरश्या बसल्यावर सगळे सहा. एवढीच अक्कल. एका ओळीची."

"आणि ती नव्हती?"

"कुठून असणार? मी 1988 साली पुण्यात ट्रेनिंग केलं. चार महिने ट्रेसिंग. रोट्रिंगचं पेन, चुकलं तर ब्लेडनं शाई खरवडायची, मग अमोनियाच्या प्रिंट काढून डोळे चोळत बसायचं. जिन्याचे छेद मी दहा-बारा तरी उतरवले असतील. सगळ्यांवर लिहिलेलं, वीस चढ, सहा इंच. मी तेच उतरवलं. त्यातला एकही जिना मी चढलो नाही. एकाही साइटला कुणी नेलं नाही. मागितलं तेव्हा म्हणाले, तू गेलास तर प्रिंट कोण काढणार?"

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं मी समजत होते की बहिणीचं घर म्हणून घाईत केलं असेल.

"कळलं कधी?" मी विचारलं.

"कडप्पा बसवताना. गवंडी म्हणाला, साहेब, खालची पायरी बुडाली आणि वरची वाढली. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणतो कसा, सेंट्रिंगच्या वेळी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही सेंट्रिंगवाल्याला विचारलं, त्याला फरशीचं काय देणंघेणं?"

लेकीनं वर्तमानपत्र स्वतःकडे ओढलं. "मामा, तुम्हाला राग येईल, पण सांगते. हे मी तिसऱ्या आठवड्यात शिकले. एसीत बसून." त्यांच्या ऑफिसात जिन्याच्या छेदाचा एक ठरलेला नमुना आहे. त्यात प्रत्येक पायरीला दोन पातळ्या लिहायच्याच लागतात, एक काँक्रीटची, एक तयार फरशीची. दोन्ही लिहिल्याशिवाय शीट पुढं सरकत नाही. तिनं एकदा एकच पातळी लिहिली. वरच्या बाईंनी शीट परत केली. हिनं विचारलं का, त्यांनी दोन मिनिटांत समजावलं. "कुणी ठेचकाळलं नाही, कुणाची पायरी फुटली नाही. मोठ्या ऑफिसात असं होतं. कुणीतरी पूर्वी केलेली चूक नमुन्यात जाऊन बसलेली असते."

दादा बराच वेळ छेदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन मिनिटं कुणाकडं होती म्हणालीस?"

"माझ्या सीनिअरकडं."

"आणि तुझ्या शेजारच्या पोराच्या सीनिअरकडं?"

आता लेक गप्प. शेजारच्या पोराची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्याच ऑफिसात, त्याच सत्रात, तो मुलगा रेंडरच्या टीममध्ये होता. सबंध ट्रेनिंगभर त्यानं चित्रांत झाडं लावली. आकाश बदललं, गाड्या ठेवल्या, स्विमिंग पुलाशेजारी परदेशी माणसं उभी केली. वनमहोत्सवातही कुणी एवढी झाडं लावत नाही. आता तर तसली चित्रं मशीन चुटकीसरशी काढतं, तेव्हा तो मुलगा जे शिकला त्याचा त्याला काय उपयोग, मला सांगता येणार नाही. पण प्रशस्तिपत्रावर ऑफिसचं नाव मोठं आहे, आणि पहिली नोकरी त्याला त्या नावावरच लागली, हेही खरं. नाव कामाला येत नाही असं म्हणणारे बहुतेक वेळा नाव असलेले लोक असतात.

"म्हणजे मोठं ऑफिस ही लॉटरी," दादा म्हणाला.

"आणि छोटं नाही? तुमच्या सांगलीत किती ऑफिसं आहेत जिथं ट्रेनी पोराला महापालिकेच्या फायली घेऊन फिरवतात? इथं सही, तिथं शिक्का."

"फायलीतही शिकायला असतं."

"दोन दिवस असतं. सोळा आठवडे नसतं."

मला वाटतं, हे वाक्य तिनं त्या झाडं लावणाऱ्या मुलाला आठवून म्हटलं असावं. तिचा स्वतःचा अनुभव उलटा आहे. तिला सबंध ट्रेनिंगभर दारं मिळाली. एका इस्पितळाची सहाशेवर दारं, आणि त्या सगळ्यांचा तक्ता करायचा. दाराचा नंबर, रुंदी, कुठल्या बाजूला उघडणार, बिजागऱ्या किती, कडी कसली, किल्ली कुणाकडे. पहिल्या आठवड्यात ती फोनवर रडली होती, "आई, मी पाच वर्षं डिझाइन शिकले आणि हे लोक मला सुतार समजतात." मी तिला म्हटलं होतं, सुतार समजत असतील तर बरंय की. पण त्या वेळी मलाही वाईट वाटलं होतं.

"सांग मामाला, टॉयलेटच्या दाराचं," मी म्हणाले.

तिला तेच सांगायचं होतं. रुग्णाच्या खोलीतल्या टॉयलेटचं दार तिनं आत उघडणारं काढलं होतं, बाहेर उघडलं तर खोलीतली जागा जाते म्हणून. शीट परत आली. दारावर लाल पेननं गोल, आणि बाजूला चार शब्द, 'आत माणूस पडला तर?' रुग्णाला घेरी आली, तो दाराला टेकून खाली बसला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. वाट अडवणारा तो स्वतःच असतो. म्हणून तसलं दार बाहेर उघडतं. हिनं त्या रात्री सगळी टॉयलेटं पुन्हा काढली. डोंबिवलीची शेवटची लोकल पकडली. दुसऱ्या दिवशी उरलेली दारंही तसाच विचार करून बघायला घेतली, कुठलं दार उघडल्यावर कुणाला लागेल, स्ट्रेचर कुठं वळेल, रात्री दोनला नर्सच्या एका हातात ट्रे असेल तर कडी कुठल्या उंचीवर हवी.

"अजून मी कुठंही गेले की आधी दार कुठं उघडतंय बघते," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसातलं बाथरूमचं दार आत उघडतं, मामा."

"माझ्या ऑफिसात कोण पडत नाही."

"अजून."

हसून झाल्यावर दादानं मोठ्या मनानं कबूल केलं की लाल गोल आणि गवंड्याचं वाक्य, दोन्ही एकाच जातीचे. फक्त लाल गोल फुकटात पडला आणि गवंड्याचं वाक्य त्याला बहिणीच्या घरात एका पायरीला पडलं. मला वाटलं आता गाडी रुळावर आली. पण लेकीनं पैशाचा विषय काढला.

"चार हजारात ती मुलगी साताऱ्यात राहणार कशी?"

"आणि दहा हजारात मुंबईत?"

"तेही नाहीच. माझी आत्या डोंबिवलीला होती म्हणून मी राहिले. ज्याची आत्या नाही त्यानं काय करायचं? मोठ्या ऑफिसात ट्रेनिंग कोण करतं, तर ज्याचे नातेवाईक लोकलच्या टप्प्यात आहेत तो. मार्क बघून नाही, आत्या बघून निवड."

दादाला पैशावर बोलायला आवडत नाही. त्याच्या पिढीत ट्रेनी म्हणजे शिष्य, आणि गुरूकडून कुणी पगार मागत नाही. तो दोशींवर गेला. बाळकृष्ण दोशी. पुण्यात जन्म, घरी फर्निचरचा व्यवसाय, मुंबईत जे.जे., आणि मग 1951 मध्ये पॅरिसला कार्बुझिएच्या ऑफिसात. सुरुवातीचे काही महिने पगार नाही. भाषा येत नाही, पोटाला नीट मिळत नाही. "आणि त्याच माणसाला 2018 साली प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. पैसे बघितले असते तर गेले असते का ते?"

"किती जण गेले आणि उपाशी परत आले, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, मामा."

"दोशी पॅरिसला टेबलावरच बसून राहिले नाहीत. 1954 ला परत आले ते कार्बुझिएची अहमदाबादची कामं बघायला. मिलमालक संघाची इमारत, साराभाईंचं घर. शिक्षण तिथं झालं, उन्हात."

"झालं असेल. पण तेव्हा त्यांना पगार होता ना?"

दादानं उत्तर दिलं नाही आणि तिनं संधी सोडली नाही. 2019 मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीचा मंडप जुन्या इशिगामी नावाच्या जपानी आर्किटेक्टकडे होता. त्यांच्या ऑफिसात इंटर्न बिनपगारी घेतात, स्वतःचा संगणक घेऊन यायला सांगतात, हे बाहेर आल्यावर गदारोळ झाला आणि गॅलरीला सांगावं लागलं की आमच्या कामावर बिनपगारी कुणी नको. "जगभर नाव असलेलं ऑफिस, मामा. आणि इंटर्ननं लॅपटॉप घरून आणायचा."

"नवं काही नाही यात," दादा म्हणाला. "फ्रँक लॉइड राइटनं 1932 ला शिष्य घेतले तेव्हा त्यांच्याकडूनच फी घेतली होती. वर्षाला 650 डॉलर. आणि वर शेतात काम."

"तुम्ही हे माझ्या बाजूनं सांगताय का तुमच्या?"

"मलाही कळेना झालंय," दादा म्हणाला आणि त्यानं अनारसा उचलला.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं. मला विचारलं नव्हतं, पण घर माझं, फराळ माझा. पैसे मिळालेच पाहिजेत, राहता येईल एवढे तरी. फुकट राबणाऱ्या माणसाची चूक पकडायला कुणाला घाई नसते, कारण ती चूक दुरुस्त करायला तो पुन्हा फुकटच बसणार असतो. ज्याला पगार द्यावा लागतो त्याचा एक दिवस वाया गेला तर ऑफिसला टोचतं, आणि टोचलं की कुणीतरी त्याच्या खुर्चीमागं येऊन उभं राहतं. यात माणुसकीपेक्षा हिशेब जास्त आहे, मला कबूल आहे.

दुसरं मी डायऱ्यांवरून सांगितलं. दरवर्षी चाळीसेक डायऱ्या माझ्या टेबलावर येतात. बहुतेकींमध्ये तीच वाक्यं. 'आज टॉयलेटचा प्लॅन केला. आज टॉयलेटचा प्लॅन पूर्ण केला. आज टॉयलेटच्या प्लॅनमध्ये बदल केले.' बदल कुणी सांगितले, का सांगितले, एक अक्षर नाही. ऑफिसचा शिक्का, सही, 'कामात तत्पर'. तोंडी परीक्षेला मी आता एकच प्रश्न विचारते, तुझी कुठली चूक कुणी पकडली? पुष्कळ मुलं पटकन सांगतात, "मॅडम, माझी चूकच झाली नाही." त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. मला मात्र त्यांच्या वाया गेलेल्या सत्राचं वाईट वाटतं. सोळा आठवडे त्यांच्या रेषेकडे कुणी बघितलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका मुलाची डायरी मी जपून ठेवली आहे. वाईच्या एका जुन्या वाड्याची मोजमापं घ्यायला त्याला पाठवलं होतं. त्यानं प्रत्येक खोलीच्या चारी भिंती मोजल्या आणि ऑफिसात येऊन काढायला बसला, तर वाडा मिटेना. पाच इंचांची फट राहायची, कधी या कोपऱ्यात, कधी त्या. दोन दिवस त्यानं ती फट भिंतींच्या जाडीत लपवायचा प्रयत्न केला, हे त्यानं स्वतःच लिहिलंय. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननं विचारलं, "कर्ण घेतलेस का?" घेतले नव्हते. चार भिंती बरोबर असल्या तरी खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप लावल्याशिवाय कळत नाही. जुन्या वाड्याची एकही खोली गुण्यात नव्हती. पोरगा एसटीनं परत वाईला गेला. डायरीत त्या दिवशी एवढंच आहे, 'आज फक्त कर्ण.' त्या ऑफिसचं नाव कुणाला माहीत नाही, आणि मी त्याला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले.

"बघ, छोटं ऑफिस," दादा म्हणाला.

"बघा, म्हातारा ड्राफ्ट्समन," लेक म्हणाली. "तो आमच्याकडंही आहे. पाचव्या मजल्यावर बसतो. सगळे त्याला काका म्हणतात."

साडेनऊ वाजले होते. मी त्या विद्यार्थिनीला मेसेज केला. कुठं जा ते सांगितलं नाही. म्हटलं, दोन्हीकडं एवढंच विचार, माझं ड्रॉइंग रोज कोण बघणार, आणि ते चुकलं तर मला कोण सांगणार? पगार, साइट, सुट्ट्या नंतर. तिनं लगेच दोन्हीकडं विचारलं. हल्लीच्या मुलांना रात्र-दिवस काही नसतं.

मुंबईहून आपोआप येणारं उत्तर आलं, दिवाळीनिमित्त कार्यालय सोमवारपर्यंत बंद आहे. साताऱ्याच्या बाईंनी अर्ध्या तासात स्वतः लिहिलं, 'मी बघेन. माझ्या नजरेतून सुटलं तर मिस्त्री सांगेल. त्याच्याही नजरेतून सुटलं तर शाळेची पोरं सांगतील, पण तोपर्यंत तू कॉलेजात परत गेलेली असशील.'

दादानं मांडीवर थाप मारली. "झालं! निकाल लागला."

"कसला निकाल? बंद ऑफिस म्हणजे वाईट ऑफिस का? त्यांचं उत्तर सोमवारी येईल." लेकीनं माझा फोन घेऊन मेसेज पुन्हा वाचला. बाईंचं लिहिणं तिलाही आवडलेलं दिसत होतं, पण बोलली वेगळंच. "आणि मामा, भाऊबीजेच्या रात्री दहाला उत्तर देणारं ऑफिस म्हणजे भाऊबीजेच्या रात्री दहाला काम सांगणारं ऑफिस. तेही विचारायला सांग तिला."

मी तेही लिहून पाठवलं.

दादा झोपायला वर निघाला. हातात पाण्याचा तांब्या, काखेत वर्तमानपत्र, त्यावर जिन्याचा छेद. शेवटच्या पायरीशी त्यानं पाय नेमका दीड इंच जास्त उचलला, तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. त्याच्या मागोमाग लेक मोबाइलमध्ये बघत चढत होती. दोन वर्षं मुंबईचे सरळ जिने चढून तिच्या पायाची सवय गेली होती.

धप्पकन आवाज आला. मग वरून दादाचा आवाज, "लागलं का गं?"

"अंगठ्याला," ती म्हणाली. "टेप कुठाय तुमचा?"